कॉमन गरम पाण्याचं लाईट बिल: आधी गळती शोधा, वाटणी नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २४ फ्लॅटची बिल्डिंग, सगळ्यांना गरम पाणी एकाच मोठ्या टाकीतून, टाकीत विजेच्या कॉइल, गरम पाणी पाइपमधून फिरवत ठेवणारा सर्क्युलेशन पंप दिवसरात्र चालू, आणि बिल येतं कॉमन मीटरवर, ते २४ भागांत सारखं वाटता. आता वरच्या मजल्यावरचं म्हातारं जोडपं म्हणतंय की आम्ही दोघं, सहा माणसांच्या घराएवढे पैसे आम्ही का भरायचे. एक फ्लॅट आठ महिने बंद आहे, त्यांनी पैसे देणं थांबवलंय. एकाने स्वतःचा गीझर बसवलाय, तो म्हणतो मला यातून काढा. आणि सेक्रेटरी म्हणून तुम्ही विचारताय की कुठला फॉर्म्युला लावला की हे भांडण मिटेल.

मी बिल्डिंगच्या पाण्याच्या आणि विजेच्या व्यवस्था तपासायचं काम वीसेक वर्षं करतोय, आणि अशी भांडणं इतकी बघितलीत की आता सगळ्यात आधी एकच सांगतो, फॉर्म्युला आत्ता ठरवूच नका. कारण तुम्ही जे बिल वाटायला बसलाय त्यातला मोठा हिस्सा कोणीच वापरलेला नाहीये. तो टाकीच्या आणि पाइपच्या अंगातून हवेत गेलाय, आणि जोपर्यंत तो किती हे कोणी मोजत नाही तोपर्यंत प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे बोट दाखवणार.

हिशोब सोपा आहे. १००० लिटर पाणी १ डिग्रीने तापवायला साधारण १.१६ युनिट वीज लागते, मग टाकी कुठल्याही कंपनीची असू दे. म्हणजे २५ डिग्रीचं पाणी ६० ला न्यायचं तर १०० लिटरला जेमतेम ४ युनिट. एवढीच वीज खरी "वापराची". बाकीची सगळी वाटेत गेलेली. जर्मनीत गरम पाण्याचा खर्च वापरावर वाटायचा नियम १९८१ पासून आहे, आणि तिथे उष्णता थेट मोजता येत नसेल तेव्हा लावायचं जे सूत्र आहे त्यात १.१६ नाही, २.५ धरतात. म्हणजे नियम करणाऱ्यांनीच मानलंय की सेंट्रल सिस्टीममध्ये अर्ध्याहून जास्त ऊर्जा नळापर्यंत पोचत नाही. त्याच नियमात खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग मीटरप्रमाणे आणि उरलेला घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटायचा आहे, सगळाच्या सगळा मीटरवर टाकत नाहीत, आणि ते का हे पुढे कळेलच.

आता मोजायचं कसं. पहिली गोष्ट, हीटर आणि त्याचा पंप यांच्यावर वेगळा एनर्जी मीटर आहे का ते बघा. नसेल तर तो आधी लावा, कारण लिफ्ट, जिन्यातले दिवे, पाणी चढवायची मोटर हे सगळं एकाच कॉमन मीटरवर असेल तर "गरम पाण्याचं बिल" म्हणून तुम्ही जे भांडताय ते गरम पाण्याचं आहे की नाही हेच कुणाला माहीत नसतं. एका ठिकाणी तर सगळा राग गरम पाण्यावर आणि खरं दुखणं निघालं पाण्याच्या मोटरचं, फूट व्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपच्या तळाची, पाणी मागे जाऊ न देणारी झडप) खराब होता आणि मोटर तासन्‌तास नुसती फिरत होती.

मीटर आहे असं धरून चाला. मग तो बरोबर आहे का बघा, हे दहा मिनिटांचं काम आहे. हीटर समजा १२ किलोवॅटचा आहे, तो सलग १० मिनिटं चालला की बरोबर २ युनिट पडायला हवेत. थ्री फेज मीटर सीटीवर (करंट ट्रान्सफॉर्मर, वायरमधला करंट मीटरसाठी कमी करून देणारी रिंग) असेल आणि तीनपैकी एक सीटी उलटा बसलेला असेल तर मीटर खऱ्याच्या एक तृतीयांशच दाखवतो, कारण दोन फेज बेरीज करतात आणि तिसरी वजा. मग हीटरचा आकडा खोटा कमी दिसतो आणि बाकीचं कुठे गेलं म्हणून लोक डोकं खाजवतात. मल्टिप्लाइंग फॅक्टर, म्हणजे मीटरचं रीडिंग ज्या आकड्याने गुणायचं तो, चुकीचा धरलेला असणं तर नेहमीचंच.

त्यानंतर रात्रीचं रीडिंग. दीड ते साडेचार ही वेळ घ्या, तेव्हा जवळजवळ कोणी गरम पाणी वापरत नाही. पण नुसतं घड्याळ बघून रीडिंग घेऊ नका, थर्मोस्टॅट हीटर बंद करतो त्या क्षणाचं घ्या, सुरुवातीलाही आणि शेवटीही. मधेच घेतलंत तर टाकीतलं पाणी एकदा तापलेलं आणि एकदा निवलेलं असेल आणि आकडा फसवेल. सोबत टाकीत येणाऱ्या थंड पाण्याच्या मीटरचंही रीडिंग घ्या. तो हलला नाही तर जी वीज गेली ती शंभर टक्के नुकसान. हलला तर कुठेतरी पाणी जातंय.

एक बिल्डिंग सांगतो, तिथे माझ्यासोबत एक काका जागे राहिले होते. तक्रार त्यांचीच, आवाज पण सगळ्यात मोठा त्यांचाच, म्हणून मीच म्हटलं काका तुम्ही या, टॉर्च आणि वही तुमच्याकडे. (हे नेहमी करा, सगळ्यात चिडलेल्या माणसाच्या हातात पेन द्या.) तीन तासात १४ युनिट पडले. सगळी बिल्डिंग झोपलेली आणि १४ युनिट, म्हणजे दिवसाला ११२. आणि टाकीच्या इनलेटवरच्या पाण्याच्या मीटरचा तो छोटा लाल काटा जो स्थिर राहायला हवा तो हळूहळू सरकत होता, थांबत नव्हता. काका म्हणाले हे बघा, कोणीतरी आत्ता पण वापरतंय. त्यांचा रोख तिसऱ्या मजल्यावरच्या घरावर होता, तिथे तान्हं बाळ होतं आणि वर्षभर सगळे म्हणत होते की बाळामुळे हे लोक दिवसभर गरम पाणी वापरतात आणि भुर्दंड आम्हाला.

आम्ही डक्टमध्ये उतरून एकेका फ्लॅटचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करत गेलो, एक बंद करायचा, वरून काकांनी काटा बघून सांगायचं, परत उघडायचा, पुढचा. तिसऱ्या मजल्यावर त्या घरात दिवा चालू होता, बाळ जागं होतं बहुतेक. आवाज ऐकून ती मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली आणि एवढंच म्हणाली, "आमच्याकडेच आहे का हो?" मी तिचा व्हॉल्व्ह बंद केला, वरून काका म्हणाले चालूच आहे. काटा थांबला तो दुसऱ्या मजल्यावर, ज्या घराचं नाव कुणाच्या तोंडात कधीच नव्हतं. आणि त्यांचाही दोष नव्हता. त्यांच्या बाथरूममध्ये हँड शॉवर होता, ज्याचं बटण हातातच असतं. ते लोक आंघोळ झाली की बटण सोडायचे, पाणी थांबायचं, मिक्सरचे दोन्ही नॉब मात्र उघडेच राहायचे. मिक्सरच्या आतल्या एनआरव्हीत (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) कचरा अडकलेला, त्यामुळे गरम पाणी मिक्सरमधून थंड पाण्याच्या लाइनमध्ये शिरत होतं, तिथून वरच्या टाकीकडे, आणि वरच्या टाकीतून परत हीटरमध्ये. रात्रभर हेच. नळातून एक थेंब पडत नव्हता, म्हणून कुणाला कळायचं कारणच नव्हतं. खूण मात्र होती, त्या विंगमध्ये सकाळी थंड पाण्याच्या नळाला कोमट पाणी यायचं, आणि लोकांना ते बरंच वाटायचं.

दुसऱ्या रात्री १४ चे ८ झाले. उरलेले ८ गच्चीवर होते. रिटर्न लाइनचं, म्हणजे पाणी टाकीकडे परत आणणाऱ्या पाइपचं, इन्सुलेशन उन्हाने फाटून चिंध्या झालेल्या, पाइपवर हात ठेवला तर तीन सेकंद ठेववेना. ६० डिग्रीच्या उघड्या पाइपमधून दर मीटर लांबीला तीस-चाळीस वॅट सहज जातात, नीट झाकला तर दहाच्या आसपास. १०० मीटर लाइन असेल तर हा फरक दोन-तीन किलोवॅटचा, चोवीस तास. ते नीट केल्यावर तीन तासाचे ३ युनिट राहिले. पुढच्या मीटिंगमध्ये काकांनी स्वतः वहीतले आकडे वाचून दाखवले आणि त्या मुलीचं नाव घेऊन सांगितलं की यांच्याकडे काही नव्हतं. माझ्या कामात याहून मोठं समाधान मला मिळालेलं नाही.

म्हणून मी क्रमाबद्दल एवढा हट्ट धरतो. तुमच्या बिल्डिंगचं समजा महिन्याला ३६०० युनिट पडतात आणि रात्रीच्या टेस्टने कळलं की तासाला अडीच युनिट नुसतं नुकसान आहे. म्हणजे महिन्याला १८०० नुकसान आणि १८०० खरा वापर. आज सारख्या वाटणीत प्रत्येक घर १५० युनिटचे पैसे भरतंय. आता काहीच दुरुस्त न करता घरोघरी गरम पाण्याचे मीटर लावले, नुकसान सारखं आणि वापर मीटरप्रमाणे असं वाटलं, तर म्हाताऱ्या जोडप्याचे ७५ अधिक वापराचे २५ धरून १०० होतील, आणि सहा माणसांच्या घराचे ७५ अधिक १४७ म्हणजे २२२. एका झटक्यात १५० वरून २२२. ते घर जनरल बॉडीत याच्या बाजूने हात वर करणार नाही, आणि बिल्डिंगमध्ये अशी मोठी घरं पाच-सहा असली की ठराव पडलाच म्हणून समजा. पण तेच आधी पाइप झाकले, नुकसान १८०० वरून ६५० वर आणलं, तर स्थिर भाग, म्हणजे सारखा वाटायचा नुकसानाचा भाग, घरटी २७ होतो. जोडपं ५२ वर येतं, मोठं घर १७४ वर. वाढलं तरी ते पटण्यासारखं आहे, कारण वापर त्यांचाच आहे आणि ते त्यांनाही माहीत असतं. बंद फ्लॅटला ७५ च्या जागी २७ मागितले तर तोही बहुतेक वेळा देऊन टाकतो.

नुकसान शोधताना टाकीचं आणि पाइपचं वेगळं काढता आलं तर उत्तम. एक रात्र टाकीचा आउटलेट आणि रिटर्न बंद ठेवून, पंप थांबवून फक्त टाकीचं रीडिंग घ्या (आदल्या दिवशी नोटीस लावून, कोणाला अडचण होऊ नये). हजार लिटरची नीट झाकलेली टाकी चोवीस तासात तीन-चार युनिट गमावते. तुमची पंधरा गमावत असेल तर टाकीचं आवरण ओलं झालंय किंवा बसलंय. बाकी उरलं ते पाइपचं. आणि घरोघरी गरम नळ गळतो का ते विचाराच. मिनिटाला एक पेला एवढी बारीक धार म्हणजे दिवसाला २८८ लिटर, म्हणजे पावणेबारा युनिट, रोज. लोकांना ती धार दिसते पण ती विजेची आहे हे डोक्यात येत नाही. क्षार साचलेल्या कॉइलबद्दल मात्र लोक उगाच घाबरवतात, कॉइल पाण्यातच बुडालेली असल्याने वीज त्यामुळे फारशी वाया जात नाही, कॉइल लवकर जळते हा खरा तोटा.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. बिल कमी करायला कोणीतरी नक्की सुचवेल की टाकीचं टेंपरेचर ६० वरून ४५ करा. करू नका. लीजिओनेला नावाचे जीवाणू साधारण २५ ते ४५ डिग्रीच्या साचलेल्या पाण्यात वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. १९७६ साली फिलाडेल्फियात एका संमेलनाला आलेले लोक याच जीवाणूंनी आजारी पडले, तिथून तर या आजाराची ओळख झाली. धोका सगळ्यात जास्त म्हाताऱ्या माणसांना, म्हणजे ज्यांच्या बिलासाठी तुम्ही हे करताय त्यांनाच. टाकीत ६० आणि परत येणाऱ्या लाइनला ५० च्या वर हे सांभाळा. भाजायची भीती असेल, आणि ती खरी आहे, ६० डिग्रीच्या पाण्याने मोठ्या माणसाला पाच-सात सेकंदात भाजतं, तर बाथरूममध्ये थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (थंड पाणी मिसळून नळाचं तापमान ठरावीक ठेवणारा) लावा. रात्री पंप चार-पाच तास टायमरने बंद ठेवलात तर हरकत नाही, त्याने पाइपचं नुकसान बरंच वाचतं.

आता मीटर. मीटर गरम पाण्याचेच घ्या, थंड पाण्याचा मीटर गरम लाइनवर लावला की काही महिन्यांत आतून वाकतो आणि अडकतो. ऑर्डर द्यायच्या आधी प्लंबरला घेऊन एका फ्लॅटच्या लाइन मोजा. कित्येक बिल्डिंगमध्ये एका घराची तीन बाथरूम तीन वेगळ्या डक्टमधून येतात, म्हणजे घरटी तीन मीटर, आणि हे सगळं मंजूर होऊन पैसे गोळा झाल्यावर लक्षात येतं. तसं असेल तर खर्च परवडतो का ते शांतपणे बघा, प्रत्येक ठिकाणी मीटर लावण्यात अर्थ असतोच असं नाही.

लिटरचा ठरावीक दर कधीही लावू नका. सगळ्या घरांच्या मीटरची बेरीज मुख्य मीटरपेक्षा पाच-दहा टक्के कमीच येते, कारण बारीक धार छोट्या मीटरला कळत नाही, आणि थंडीत येणारं पाणी १५ डिग्रीचं असतं तर उन्हाळ्यात २८ चं, म्हणजे तेवढ्याच लिटरला थंडीत चाळीस टक्के जास्त वीज. दर लावलात की दर महिन्याला कमी-जास्त उरतं आणि मग कमिटीने पैसे खाल्ले अशी कुजबुज सुरू होते. त्यापेक्षा त्या महिन्याची खरी युनिटं घ्या, स्थिर भाग बाजूला काढा, उरलेला भाग घरांच्या लिटरच्या प्रमाणात वाटा. बेरीज आपोआप जुळते. सगळे मीटर एकाच दिवशी वाचा आणि प्रत्येकाचा फोटो ठेवा. भाडेकरू बदलला की त्या दिवशीचा फोटो वेगळा, मालक आणि भाडेकरू यांचं आपसातलं त्यांनी बघावं.

लाइनच्या टोकाला असलेलं घर एक तक्रार करेल आणि ती खरी असेल. नळ उघडल्यावर आधी थंड पाणी येतं ते पण गरम मीटरवरच पडतं. आतून २० मिमीच्या पाइपमध्ये दर मीटर लांबीला ०.३१ लिटर पाणी असतं, १२ मीटर फाटा असेल तर दर वेळी पावणेचार लिटर थंड पाण्याचे पैसे. घड्याळ आणि मापाचं भांडं घेऊन जा, मोजा, आणि तीन-चार लिटरच्या वर असेल तर त्या घराला तेवढी वजावट द्या किंवा सर्क्युलेशन लाइन त्यांच्या जवळ न्या. मोजायला तुम्ही त्यांच्या दारात गेलात यानेच निम्मा राग जातो असा माझा अनुभव आहे.

मीटर लागेपर्यंत काय? अर्धं सारखं आणि अर्धं माणशी, एवढंच करा आणि तेही सहा महिन्यांपुरतं. माणसं ज्याने त्याने लिहून द्यायची, पाहुणे मोजायचे नाहीत. कोणाकडे कोण राहायला आलंय हे शेजाऱ्याने कमिटीला कळवायचं अशी पद्धत एकदा पडली की बिल्डिंगमधलं वातावरण नासतं, आणि ते कुठल्याही बिलापेक्षा महाग पडतं.

बंद फ्लॅटने स्थिर भाग भरायलाच हवा, कारण ते नसले तरी त्यांच्या वाट्याची लाइन गरमच ठेवावी लागते, आणि उद्या ते आले की पहिल्या दिवशी नळाला गरम पाणी हवं असणार. स्वतःचा गीझर बसवणाऱ्याचं जरा वेगळं आहे. त्याने कनेक्शन खरंच तोडून सील करून घेतलं असेल तर वापराचा भाग शून्य, स्थिर भाग मात्र माझ्या मते त्यानेही भरावा, निदान निम्मा तरी, नाहीतर एकेक जण बाहेर पडत जातो आणि शेवटी उरलेल्या चार घरांवर सगळ्या पाइपचा भार येतो. पण हे मी ठरवायचं नाही, जनरल बॉडीने ठरवून ठरावात स्पष्ट लिहायचं, आणि तुमच्या बिल्डिंगच्या नियमावलीत खर्च वाटणीबद्दल काय आहे ते आधी वाचून घ्या, ठराव त्याच्या विरुद्ध गेला तर टिकणार नाही. पैसे दिले नाहीत म्हणून कोणाचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह मात्र बंद करू नका. थकबाकी वसूल करायचे लेखी मार्ग असतात, व्हॉल्व्ह फिरवला की चूक त्याची राहत नाही, तुमची होते.

मागच्या वर्षांचे पैसे परत द्या असा आग्रह जोडपं धरेल. तिथे हळुवार बोला. तेव्हाचं कोणाकडे मोजमापच नाही, मग परत द्यायचे ते कोणत्या आकड्यावर? मी सुचवतो ते असं, लेखी तक्रार ज्या महिन्यात आली तिथपासूनचा फरक नव्या मोजमापाने काढायचा आणि तो पुढच्या बिलांमधून थोडाथोडा वळता करायचा. बहुतेक लोक यावर थांबतात, कारण त्यांना रकमेपेक्षा आपलं म्हणणं खरं होतं हे कोणीतरी कागदावर लिहायला हवं असतं.

तर आज रात्री वरच्या मजल्यावरच्या त्या आजोबांना विचारा, जागता का माझ्यासोबत तीन तास. एक टॉर्च, एक वही, दोन मीटर, आणि थर्मोस्टॅट हीटर बंद करेल त्याची वाट बघायची. आकडे आले की मला कळवा, हीटर किती किलोवॅटचा आणि गच्चीवर किती मीटर लाइन उघडी आहे तेही लिहा, पुढचा हिशोब मी करून देतो.